साठ लिटरच्या समुद्राला फिल्टर कुठला लावावा?

खाऱ्या पाण्याची छोटी टाकी घ्यायला दुकानात गेलं की बोलणं माशांपासून सुरू होतं आणि फिल्टर सगळ्यात शेवटी येतो, बिलात आणखी एक ओळ म्हणून. गोड्या पाण्याच्या टाकीला जो देतात तोच उचलून देतात, फार तर एक नंबर मोठा. ते कधी कधी चालूनही जातं, आणि मग एप्रिलमधल्या एका रात्री वीज जाते किंवा चार दिवस कुणी आत हात घालत नाही, तेव्हा त्याची खरी परीक्षा होते.

इथे बाजारात मिळणारे प्रकार त्या परीक्षेला बसवले आहेत : टॉप फिल्टर, काचेवर टांगायचा हँग-ऑन, बंद डब्याचा कॅनिस्टर, मागे कप्पे असलेली टाकी आणि फेसातून घाण काढणारा स्किमर. हिशेबासाठी धरलेली टाकी ६० लिटर पाण्याची आहे आणि वस्ती दोन क्लाउनफिश व एक गोबी एवढीच. यापेक्षा जास्त मासे याच टाकीत ठेवायचे असतील तर पुढचं वाचून उपयोग नाही. निळा टँग मासा या मापात कुठल्याही फिल्टरने जगवता येत नाही, दुकानदार काहीही सांगो.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो, आणि विषारी त्यातलं एकच. गोड्या पाण्यात पीएच ७ असताना विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ धरला तर २५ अंशांना तोच भाग ७ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे तेवढाच अमोनिया इथे दसपटीहून जास्त घातक. दुसरी गोष्ट प्राणवायूची. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, खाऱ्यात ६.७. मुंबईच्या मे महिन्यात टाकी ३० अंशांवर गेली की ६.२. मासे, जिवाणू आणि कुजणारा गाळ या सगळ्यांचा वाटा त्यातूनच जायचा.

म्हणून फिल्टर निवडताना ताशी किती लिटर हा आकडा नंतर बघायचा. पहिला प्रश्न : हा फिल्टर पाण्याला हवा देतो की पाण्यातली हवा खातो? दुसरा : त्यातला घाणेरडा कापूस काढायला किती वेळ लागतो? अर्ध्या मिनिटात निघत असेल तर तुम्ही तो दर तीन दिवसांनी बदलाल. वीस मिनिटं आणि एक बादली लागत असेल तर महिनाभर बदलणार नाही, आणि त्या महिन्यात अडकलेला गाळ तिथेच कुजून त्याचं नायट्रेट (जिवाणू अमोनियापासून शेवटी बनवतात ते) बनत राहील. फिल्टरमध्ये जिवाणूंना राहायला घालतात त्या ‘सिरॅमिक रिंग आणि बायोबॉल म्हणजे नायट्रेटचा कारखाना’ असं म्हणतात ते खरं तर रिंगांवर अन्याय करणारं आहे. कारखाना चालतो तो रिंगांत साचलेल्या गाळावर.

खरा फिल्टर दगडात

परदेशातले लेख वाचले की पहिला सल्ला मिळतो तो लाइव्ह रॉकचा. समुद्रातला सच्छिद्र, जिवाणूंनी भरलेला दगड टाकीत ठेवला की अर्धं काम झालं. शास्त्र बरोबर आहे, पण भारतात तो रस्ता बंद आहे. लाइव्ह रॉक म्हणजे मुख्यतः प्रवाळाचा सांगाडा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, तसेच समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही आहेत. दुकानाच्या मागच्या खोलीत पांढरे फांद्यांचे तुकडे ‘डेकोरेशन’ म्हणून मिळतात, तेही मेलेलं प्रवाळच. घेऊ नका.

त्याऐवजी माणसाने बनवलेला दगड घ्यायचा. भाजलेल्या सिरॅमिकचे दगड सर्वांत सोयीचे : धुतले की वापरायला तयार. सिमेंटचे दगड स्वस्त पडतात, पण ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पीएच ९ च्याही वर चढतो. ते सहा ते आठ आठवडे साध्या पाण्यात भिजवून, दर काही दिवसांनी पाणी बदलून, पीएच ८.४ च्या खाली स्थिरावल्यावरच टाकीत घालावेत. ६० लिटरला जड दगड असतील तर ६ ते ७ किलो, हलके आणि सच्छिद्र असतील तर ४ ते ५ किलो पुरतात. काचेला चिकटवून भिंत रचू नका. मागून पाणी फिरलं नाही तर गाळ तिथेच बसतो. तीनचार दगडांची कमान करून खालून हात जाईल एवढी जागा ठेवली की झालं.

कोरडा दगड निर्जीव असतो, त्यामुळे टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. हे गृहीत धरूनच पुढचा फिल्टर निवडायचा : दगड पूर्ण मुरेपर्यंत जिवाणूंना जास्तीची जागा लागते. ती मीडियातून, म्हणजे फिल्टरमध्ये भरायच्या सच्छिद्र दाण्यांतून, मिळते. सीकेम मॅट्रिक्स या तयार मीडियाची शिफारस १०० लिटरला २५० मिलिलिटर अशी आहे, म्हणजे आपल्या टाकीला १५० मिलिलिटर. एक मोठा चहाचा कप. याच्या चौपट घालून चौपट फायदा होत नाही. जिवाणू वाढतात ते उपलब्ध अमोनियाच्या हिशेबाने.

टॉप फिल्टर : दिसतो गावठी, काम चोख

आपल्याकडच्या दुकानांत सगळ्यांत जास्त खपणारा आणि खाऱ्या पाण्याचे जाणकार ज्याला नाक मुरडतात तो हा. टाकीच्या काठांवर बसणारी प्लास्टिकची लांबट पेटी, खाली लोंबणारा पंप, पाणी वर चढून स्पंजवर पडतं आणि थेंबाथेंबाने खाली येतं. वर सांगितलेल्या दोन्ही प्रश्नांना याचं उत्तर इथल्या प्रत्येक महागड्या यंत्राच्या तोडीचं आहे. पाणी हवेतून पडतं, म्हणून प्राणवायू भरपूर. पेटी उघडीच असते, म्हणून कापूस चिमटीत धरून उचलता येतो. झिरपताना थोडं बाष्पीभवन होतं आणि पाणी अंशभर थंड राहतं, उन्हाळ्यात हा फायदाच.

सोबत येणारा पांढरा स्पंज मात्र काढून टाका. सगळ्यांत वर, फवाऱ्याच्या नळीखाली, उशीत भरायचा पॉलिएस्टर कापूस बोटभर जाडीचा. त्यावर रंग, सुगंध किंवा आग न लागण्याचं रसायन नसावं. खाली जाळीच्या पिशवीत मीडिया. कापूस वर ठेवायचा कारण तोच रोज घाण होणार. तळाशी ठेवला तर प्रत्येक वेळी मीडिया हलवावा लागेल.

दोष तीन. झाकणाची एक तृतीयांश जागा पेटी खाते, दिवा पुढे सरकवावा लागतो. तुषारांनी दिव्यावर आणि वायरींवर मिठाचा थर चढतो, आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायलाच हवा. तिसरा दोष खरा घातक : स्वस्त पंपांमध्ये इम्पेलरचा, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्याचा, दांडा लोखंडी असतो. खाऱ्या पाण्यात तो महिन्याभरात गंजतो, फुगतो आणि पंप अडकतो. दुकानातच पंपाचं तोंड उघडून बघा. दांडा पांढरा सिरॅमिक हवा. चकचकीत धातू दिसला तर पेटी घ्या आणि पंप वेगळा घ्या. तांब्या-पितळेचा एकही भाग पाण्याला लागता कामा नये, कोळंबी आणि शंखवर्गीय प्राणी त्यानेच मरतात.

हँग-ऑन

काचेवर मागून टांगायचा हा फिल्टर छोट्या टाकीसाठी सगळ्यांत आटोपशीर. यात अ‍ॅक्वाक्लिअर हे नाव अजूनही पुढे आहे, कारण त्यात ठरावीक कार्ट्रिज विकत घेत राहावं लागत नाही. मोकळी टोपली असते, हवं ते भरा. अ‍ॅक्वाक्लिअर ५० चा कागदावरचा प्रवाह ताशी ७५७ लिटर, ७० चा ११३५. ६० लिटरला ७० नंबर घ्यावा. प्रवाहासाठी नव्हे, मोठ्या टोपलीसाठी. मीडिया भरल्यावर कुठल्याही फिल्टरचा प्रवाह कागदापेक्षा बराच कमी होतो, आणि आपल्याला टाकीच्या दहापट, म्हणजे ताशी ६०० लिटर, प्रत्यक्षात हवे असतात.

या टोपलीत पाणी खालून वर चढतं. म्हणजे कापूस तळाशी आणि मीडिया वर असा टॉप फिल्टरच्या बरोबर उलटा क्रम. इथे सोयीची थोडी गोची होते, कारण कापसासाठी टोपली अख्खी बाहेर काढावी लागते. तरी मिनिटाचंच काम. कापूस तुंबला की टोपली आपोआप वर उचलली जाते आणि पाणी बाजूने निसटून जातं. टोपली वर आलेली दिसली म्हणजे फिल्टर चालू असूनही गाळत नाही असं समजावं.

घेण्याआधी टाकीचा काठ मोजा. आपल्याकडे काचेचं काम करणारे टाकीच्या वरच्या काठाला आतून तीनचार सेंटिमीटरची काचेची पट्टी चिकटवतात, मजबुतीसाठी. तिच्यावर बरेच हँग-ऑन बसत नाहीत किंवा वाकडे बसतात. पट्टी असेल तर मागच्या बाजूने खाच ठेवायला आधीच सांगावं लागतं.

पाण्याची पातळी हा याचा दुबळा बिंदू. बाष्पीभवनाने टाकी तीनचार सेंटिमीटर उतरली की धबधब्याचा आवाज वाढतो, बुडबुडे फुटून सगळीकडे मीठ उडतं, आणि त्याच वेळी वीज जाऊन आली तर पंप पाणी ओढू न शकता कोरडा गुरगुरत राहतो. त्यामुळे रोज पाणी भरण्याची शिस्त नसेल तर हा घेऊ नका. भरायचं ते गोडं पाणी, खारं नव्हे, कारण उडून जातं ते फक्त पाणी. ६० लिटरमधून तीन लिटर उडाले की क्षारता (हजार भाग पाण्यात क्षार किती) ३५ वरून जवळजवळ ३७ वर जाते. मुंबईच्या उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टाकीला त्यासाठी चारपाच दिवस पुरे होतात.

अमेरिकेतल्या भावाकडून किंवा मावशीकडून मागवणाऱ्यांसाठी : तिकडचा पंप ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, पण हर्ट्झ जुळत नाही. हे पंप विजेच्या आवर्तनांबरोबर फिरतात, त्यामुळे आपल्या ५० हर्ट्झवर ते सहातले पाचच फेरे मारतात. प्रवाह तेवढा कमी. २२०-२४० व्होल्टचं मॉडेलच घ्यावं.

कॅनिस्टर : इथे नको

गोड्या पाण्यातल्या, वनस्पती लावलेल्या टाक्यांना कॅनिस्टर म्हणजे शान. खाऱ्या छोट्या टाकीत तो शेवटच्या नंबरावर. बंद डब्यात पाणी जातं, आतले जिवाणू प्राणवायू वापरतात, नवा मिळत नाही. नळी पाण्याखालून ओढते म्हणून पृष्ठभागावरचा तेलकट तवंग तसाच राहतो आणि हवेची देवाणघेवाण आणखी मंदावते. वीज दोनतीन तास गेली की डब्यातला प्राणवायू संपतो, जिवाणू मरायला लागतात, आणि वीज आल्यावर ते सडकं पाणी एका झटक्यात टाकीत. डबा उघडताना कुजक्या अंड्याचा वास आला तर आतलं पाणी टाकीत न सोडता मोरीत ओता.

ज्यांच्याकडे कॅनिस्टर आधीच आहे त्यांनी तो रिकामा करून वापरावा : आत फक्त रंग-वास शोषणाऱ्या कार्बनची पिशवी आणि थोडा मीडिया, परतीची नळी पृष्ठभागावर लाटा उठतील अशी, आणि दर पंधरा दिवसांनी सफाई. हे जमणार नाही हे बहुतेकांना मनातून ठाऊक असतं.

वाळूखालच्या जाळीचा अंडरग्रॅव्हल फिल्टर अजून काही दुकानांत खाऱ्या टाकीबरोबर फुकट देतात. फुकटातही घेऊ नका. जाळीखाली गाळ जमतो आणि तो काढायला अख्खी टाकी मोडावी लागते.

मागे कप्पे असलेली टाकी

टाकी अजून घ्यायचीच असेल तर हीच घ्या. मागच्या बाजूला काळ्या काचेआड तीन कप्पे : पाणी वरच्या दातेरी पट्टीवरून पहिल्यात पडतं, दुसऱ्यातून वर चढतं, तिसऱ्यातून पंप पुढे ढकलतो. पाणी पृष्ठभागावरून ओढलं जात असल्याने तवंग आपोआप जातो. पुढची पातळी कायम राहते, हीटर आणि नळ्या दिसत नाहीत.

तयार टाक्यांत फ्लुवल इव्हो साधारण ५२ लिटरची आहे. तिच्यासोबत येणारा स्पंजचा मोठा ठोकळा काढून त्या जागी कप्प्यांची बास्केट बसवण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे, कारण ठोकळा धुणं कुणालाच आवडत नाही. रेड सी मॅक्स नॅनो ७५ लिटरची, स्किमरसकट. दोन्ही नीटनेटक्या. प्रश्न असतो तो वर्षभराने पंपाचा इम्पेलर किंवा दिव्याचा अ‍ॅडाप्टर इथे मिळेल का हा, आणि तो पैसे देण्याआधी विचारायचा असतो.

आमचा कौल मात्र काचवाल्याकडून करून घेण्याला. मापं अशी सांगावीत : बाहेरून ६० × ४० × ४० सेंटिमीटर, काच ८ मिलिमीटर. मागे १० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा कप्प्यांना. आतले पडदे काचेचेच हवेत. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला धड चिकटत नाही, वर्षभरात पडदा सुटतो. दातेरी पट्टीची पातळी तळापासून ३६ सेंटिमीटरवर, फटी तीन मिलिमीटरच्या. पहिल्या आणि दुसऱ्या कप्प्यामधला पडदा तळाशी चार सेंटिमीटर उघडा. दुसऱ्या आणि तिसऱ्यामधला पडदा तळापासून ३२ सेंटिमीटर उंच. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा, कारण पहिल्या दोन कप्प्यांची पातळी तोच ठरवतो. तो २० ठेवला तर पाणी एक वीतभर खाली आपटतं आणि रात्री झोप लागत नाही. ३५ ठेवला तर पडायला जागाच उरत नाही आणि हवा मिसळत नाही.

कप्प्यांची लांबी तिन्हींची सारखी ठेवणं ही काचवाल्यांची नेहमीची चूक. बाष्पीभवनाने पातळी उतरते ती फक्त तिसऱ्या, पंपाच्या कप्प्यात. तो १५ × १० सेंटिमीटरचा असेल तर एक लिटर उडाल्यावर पाणी साडेसहा सेंटिमीटरने उतरतं आणि तीन दिवसांत पंप हवा ओढायला लागतो. तोच २५ × १० चा केला तर लिटरला चारच सेंटिमीटर. म्हणून लांबी १५, १७ आणि २५ सांगा. पहिल्यात कापूस आणि त्याखाली कार्बन, दुसऱ्यात मीडिया आणि, पुणे-नाशिकच्या हिवाळ्यासाठी, ५० ते १०० वॉटचा हीटर. हीटर तिसऱ्यात ठेवू नका. पाणी उतरून तो उघडा पडला की काच तडकते. ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, बसवणार असाल तर त्याचा सेन्सर मात्र तिसऱ्याच कप्प्यात.

पंप कागदावर ताशी ८०० ते १००० लिटरचा. वीज गेल्यावर काय होतं तेही आधी बघून घ्या. पट्टीवरून वाहणारा एक सेंटिमीटरचा थर म्हणजे पुढच्या भागातलं सुमारे पावणेदोन लिटर पाणी, ते मागे येणार. शिवाय परतीच्या नळीचं तोंड खोल बुडालेलं असेल तर ते उलटं शोषून आणखी पाणी मागे आणतं. तोंड पृष्ठभागाच्या एक सेंटिमीटर खाली ठेवावं. टाकी भरल्यावर मासे सोडण्याआधी पंप बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मागची पातळी काठाच्या किती जवळ येते ते मार्करने खुणावून ठेवा.

टाकीखाली वेगळा संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, ठेवण्याची कल्पना मोठ्या टाक्यांसाठी उत्तम. ६० लिटरला मात्र भोक पाडणं, ओव्हरफ्लो, पाइप, वर चढवणारा पंप आणि त्याची उष्णता, एवढा व्याप परवडत नाही.

स्किमर आणि पाणी बदलण्याचं गणित

स्किमर हे एकच यंत्र असं आहे जे घाण कुजण्याआधी बाहेर काढतं. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. सेंद्रिय कण त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून फेसाबरोबर वरच्या कपात जातात. गोड्या पाण्यात हे छोट्या प्रमाणावर जमत नाही. छोट्या टाकीसाठी टुन्झचा ९००१ आतून बसतो आणि तो १४० लिटरपर्यंतच्या टाक्यांसाठी केलेला आहे. बबल मॅगसचा क्यूक्यू१ बाहेरून टांगायचा, साधारण ९५ लिटरपर्यंत. टुन्झ महाग आणि शांत. क्यूक्यू१ स्वस्त, पण त्याची पातळी जमवायला चिकाटी लागते.

नवा स्किमर पहिले तीन ते सात दिवस नुसता पांढरा फेस उसळवतो किंवा काहीच करत नाही. बिघडला म्हणून दुकानात परत नेऊ नका. प्लास्टिकवरचा तेलकट थर जायला तेवढा वेळ लागतो. पाण्याचं कंडिशनर किंवा दगड चिकटवायचं इपॉक्सी वापरलं तरी तो एकदोन दिवस वेड्यासारखा उतू जातो. त्या काळात कप अर्धवट उचलून ठेवावा.

पण आपल्या तीन माशांना तो लागतो का? यासाठी एक हिशेब करावा लागतो. समजा आठवड्याला नायट्रेट लिटरमागे ५ मिलिग्रॅमने वाढतं. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर अनेकांना वाटतं नायट्रेट ताब्यात राहील. राहतं, पण बदलण्याआधी ५० वर जाऊन थांबतं, कारण तिथे पोचल्यावरच १० टक्के म्हणजे ५ होतात. २० टक्के बदललं तर २५ वर थांबतं. नुसत्या माशांच्या टाकीला ४० च्या खाली राहिलं तरी चालतं, तेव्हा २० टक्के म्हणजे १२ लिटर, आठवड्याला. समुद्री मिश्रण लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे दर वेळी साधारण ४५० ग्रॅम, वर्षाला २३ किलो. स्किमरच्या किमतीशी हा खर्च ताडून बघा. ८० लिटरच्या वर किंवा दिवसातून दोनदा गोठवलेलं खाणं घालणाऱ्यांसाठी स्किमर परवडतो. ६० लिटरला बादली परवडते.

त्या बादलीत किराणा दुकानातलं जाडं मीठ चालत नाही. मिठागरात मीठ धरलं की उरलेलं कडू पाणी काढून टाकतात, आणि मॅग्नेशियम त्यातच निघून जातं. जुहू किंवा गिरगाव चौपाटीचं पाणीही नको, सांडपाण्यामुळे. मालवण-रत्नागिरीकडचं स्वच्छ पाणी आणणारे असतात, पण पावसाळ्यात खाड्यांच्या मुखाशी ते किती गोडं झालेलं असतं हे रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजल्याशिवाय वापरू नये. मिश्रणासाठी घरातला आरओ चालतो, मात्र त्यात चव यावी म्हणून थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळण्याची जी व्यवस्था असते ती बंद करून घ्या. टँकर किंवा बोअरचं पाणी थेट वापरलं तर पंधरवड्यात वाळूवर तपकिरी थर धरतो, आणि दोष फिल्टरला लागतो.

कार्बन, प्युरिजेन आणि बाकीची पुडकी

कार्बन दोन मोठे चमचे, धूळ जाईपर्यंत धुऊन, दर तीन ते चार आठवड्यांनी नवा. पाण्याचा पिवळेपणा आणि वास जातो. प्युरिजेन, म्हणजे विरघळलेली सेंद्रिय घाण शोषणारे दाणे, १०० मिलिलिटरला ४०० लिटर असं प्रमाण आहे, आपल्याला १५ मिलिलिटर पुरे. दाणे फार बारीक, साध्या जाळीतून निसटतात, त्यासाठीची बारीक विणीची पिशवीच हवी. तपकिरी झाले की बिनवासाच्या ब्लीचमध्ये निम्मं पाणी घालून २४ तास भिजवायचे, मग भरपूर क्लोरीननाशकात. ब्लीचचा जरासुद्धा वास येत असेल तर टाकीत घालू नये. फॉस्फेट शोषणारा लोहाचा मीडिया नुसत्या माशांच्या टाकीला अनावश्यक. यूव्ही दिवा फिल्टर म्हणून विकतात, पण त्याने एक कणही गाळला जात नाही.

इम्पेलरवर पांढरा चुनखडीचा थर बसतो. महिन्याला एकदा लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून पंप तासभर त्यात चालवायचा. मीडिया नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच हलवा, आणि एका वेळी निम्माच.

वीज

सगळ्या वायरी टाकीखालून वळण घेऊन वर प्लगकडे जाव्यात, म्हणजे ओघळ वळणावरून खाली टपकतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. खाऱ्या पाण्यात शॉक सौम्य नसतो. भारनियमनाच्या भागात इन्व्हर्टरवर पंप चालवायचा असेल तर साइन वेव्हचा घ्या. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर हे छोटे पंप गुणगुणतात, तापतात आणि लवकर जातात. नाहीतर बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवा, वीज गेल्यावर स्वतःहून सुरू होणारा. मुख्य फिल्टर बंद पडला तरी त्याच्या नळीला लावलेला एक दगडी फुगारा (बारीक बुडबुडे सोडणारा दगड) तीन माशांना सकाळपर्यंत नेतो.

फिल्टर कुठलाही घेतला तरी माशांआधी त्याची चाचणी करायची ती अमोनियाने. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात धातूंची भेसळ असू शकते. प्रयोगशाळेच्या दर्जाचा आणा. ६० लिटरला ०.४ ग्रॅम घातला की अमोनिया लिटरला साधारण २ मिलिग्रॅमवर येतो. सोबत बाटलीतले जिवाणू, पाणी २७-२८ अंश, दिवा बंद. नायट्राइट (अमोनिया आणि नायट्रेट यांच्या मधला टप्पा) दिसलं म्हणून घाबरू नका, समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड माशांना त्यापासून बरंच वाचवतं. मात्र तो आकडा शून्यावर यायची वाट बघायची. पुन्हा ०.४ ग्रॅम घालून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की २० लिटर पाणी बदला आणि क्लाउनची जोडी एकदमच सोडा, शक्यतो हॅचरीतली. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र भारतात बसवलेलं आहे, तेव्हा खडकांवरून पकडलेला मासा घ्यायचं कारण नाही. गोबी त्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि झाकणावर जाळी लावल्यावरच. तो उडी मारतो.